खोकं फुटलं, लेबल हरवलं!

मुलांनो, काडेपेटीतली काडी ओढली की नाकाला झोंबणारा एक वास येतो. आठवतोय ना? क्षणभरच येतो, पण जवळ नाक नेलं तर ठसका लागतो. हा वास ज्या वायूचा, तोच वायू तुमच्या शिऱ्यातल्या पिवळ्याधमक बेदाण्यातही थोडासा लपून बसलेला असू शकतो. काय म्हणता, थापा मारतोय? मुळीच नाही! चला, आज आपण त्याचा माग काढू. त्यासाठी जायचंय नवी मुंबईत, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये. एक कापडी पिशवी घ्या, एक वही घ्या, आणि हो, खिशात रुमाल हवाच. का ते कळेलच!

पहिली शिंक सगळ्यांची

एपीएमसी म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समिती. मुंबईची ही समिती १९७७ साली स्थापन झाली. त्या वेळी मुंबईचा घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट अशा दाटीवाटीच्या भागांत भरायचा. ट्रक शिरायला जागा नाही, हातगाडी वळवायला जागा नाही! मग एकेक बाजार खाडीपलीकडे वाशीला हलवला गेला. १९८१ साली कांदा-बटाटा आला, १९९१ साली मसाला आणि धान्य आलं, आणि १९९६ साली फळं आणि भाजीपाला. अशी ही पाच मार्केटं. तुमच्या घरातला कांदा, डाळ, जिरं, आंबा यांतलं काही ना काही इथूनच आलेलं असण्याची शक्यता मोठी.

आपण शिरलो मसाला मार्केटमध्ये. पाठीवर पोती घेतलेले माथाडी कामगार "बाजू, बाजू!" करत निघालेत. गाळ्यांपुढे धणे, हळकुंडं, लवंगा, तमालपत्रं. आणि ती बघा, लाल मिरचीची पोती! आ...क्छी! काढा आता तो रुमाल.

ही शिंक लक्षात ठेवा हं. मिरचीची धूळ नाकात गेली की तुम्ही शिंकता, मी शिंकतो, गाळ्यावरचे शेठही शिंकतात. ती कोणालाच सोडत नाही. पण काही पदार्थांचं तसं नसतं. शंभर जणांनी खाल्ले तर नव्व्याण्णव जण मजेत, आणि एकाची छाती भरून येते. मग ते नव्व्याण्णव जण त्या एकालाच म्हणतात, "काय नाटकं करतोस रे!" आपला आजचा लेख त्या एकासाठी आहे. आणि त्या नव्व्याण्णवांसाठीही आहे, बरं का!

गंधकाची धुरी

सुक्या मेव्याच्या गाळ्यावर थांबू या. बेदाण्यांची खोकी रचून ठेवलीत. एकात हिरवट, एकात सोनेरी पिवळे, एकात काळे. यांतला बराचसा माल सांगली-तासगावकडचा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

द्राक्षाचा बेदाणा कसा होतो, माहीत आहे? द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळे आतलं पाणी लवकर सुटत नाही. म्हणून द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि एक विशिष्ट तेल मिसळलेल्या पाण्यात बुडवून काढतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. दोन-तीन आठवड्यांत ती सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा! पण कापलेलं सफरचंद जसं काळवंडतं, तसं सुकताना द्राक्षही काळवंडू पाहतं. ते होऊ नये, रंग एकसारखा पिवळा दिसावा आणि बुरशी धरू नये, म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साईड वायू तयार होतो. तोच आपला काडेपेटीवाला पाहुणा! त्यातला थोडा बेदाण्यात मुरतो. मुरलेल्या रूपात त्याला म्हणतात सल्फाईट.

शेजारच्या खोक्यात जर्दाळू आहेत. काही केशरी, लुसलुशीत. काही तपकिरी, सुरकुतलेले. हात कुठे जातो? केशरीकडेच ना! पण तो टवटवीत केशरी रंगही बहुतेक वेळा सल्फर डायऑक्साईडनेच राखलेला असतो. तो न वापरता सुकवलेला जर्दाळू तपकिरी होतो. दिसायला बापडा, चवीला झकास.

आता गुळाकडे वळू. कोल्हापुरी गुळाची ढेप बघा. उसाचा रस उकळताना त्यावर मळी येते. ती काढायला पूर्वीपासून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. पण गिऱ्हाईक म्हणतं, "गूळ पिवळाच हवा." मग काही ठिकाणी रसात 'हायड्रोस' नावाची पावडर टाकतात. तिचं पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाईट. ती गुळाला उजळ करते आणि मागे थोडं सल्फाईट ठेवून जाते. ती न घातलेला गूळ बहुधा गडद असतो. पण नुसत्या रंगावर जाऊ नका हं! उसाची जात, जमीन यांनीही गुळाचा रंग बदलतो. म्हणून रंग बघायचा आणि तोंडाने विचारायचंही.

पाहिलंत ना? शेतकरी धुरी देतो, गुऱ्हाळवाला पावडर घालतो, त्याचं एक कारण आपलेच डोळे आहेत. आपल्याला पिवळंधमक हवं असतं!

मग हे विष आहे का?

नाही. घाबरून जाऊ नका. सल्फाईट किती वापरायचं याच्या मर्यादा सरकारने ठरवून दिल्या आहेत. त्या पाळल्या तर बहुतेकांना ते पचतं, आणि शरीर त्याची विल्हेवाट लावतं. प्रश्न येतो तो काही थोड्या लोकांचा, मुख्यतः दमा असलेल्यांचा. शंभर दमेकऱ्यांपैकी साधारण तीन ते दहा जणांना सल्फाईट सोसत नाही, असा वैद्यकीय अंदाज आहे. सल्फाईट असलेला पदार्थ तोंडात गेला की त्यातून सल्फर डायऑक्साईड सुटतो आणि श्वासाबरोबर आत जातो. मग श्वासनलिका आकसतात, छातीत सूं-सूं आवाज येतो, दम लागतो. बऱ्याचदा काही मिनिटांतच!

याला सगळेजण सरसकट 'अ‍ॅलर्जी' म्हणतात. पण फरक आहे. शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी असते तेव्हा शरीराचे पहारेकरी शेंगदाण्याला शत्रू समजून लढाई सुरू करतात. अगदी कणभरही पुरतो. सल्फाईटच्या बाबतीत बहुधा अशी लढाई नसते. नाजूक श्वासनलिका त्या वायूने चिडतात, इतकंच. किती खाल्लं आणि त्या दिवशी दमा किती आटोक्यात होता, यावरही ते ठरतं. म्हणून सोमवारी पाच बेदाण्यांनी काही होत नाही आणि शनिवारी मूठभर खाल्ले की धाप लागते. लोकांना वाटतं, पोरगं ढोंग करतंय!

अमेरिकेत एके काळी हॉटेलांतली सॅलडं ताजी दिसावीत म्हणून त्यांवर सल्फाईटचं पाणी मारायचे. ते खाऊन काही दमेकऱ्यांना गंभीर त्रास झाला, काही जण दगावलेही. अखेर कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर सल्फाईट वापरायला तिथे १९८६ साली बंदी आली. म्हणजे 'नाटकं' नव्हती ती!

आणखी एक गोष्ट वेगळी ओळखायला शिका, ती म्हणजे भेसळ. डाळीला मेटॅनिल यलो रंग लावणं किंवा फळ मार्केटमध्ये आंबा कॅल्शियम कार्बाईडने पिकवणं हे कायद्याने गुन्हेच आहेत. तिथे "मला सोसतं की नाही" हा प्रश्नच नाही, ते कोणीच खायचं नाही. बेदाण्यातलं ठरलेल्या मर्यादेतलं सल्फाईट हे परवानगीचं काम. ते फक्त काहींना सोसत नाही.

शेवटचं स्टेशन

आता या लेखातली खरी गंमत. किंवा खरी अडचण म्हणा!

गाळ्यावरचं खोकं नीट बघा. त्यावर लेबल आहे. आपल्या देशात २०२० साली लेबलांचे नवे नियम झाले. पॅकबंद पदार्थात किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाईट असेल, तर ते लेबलवर जाहीर करायचं असं त्यांत आहे. म्हणजे आपल्या त्या एका मित्राला हवी असलेली माहिती या खोक्यावर मिळायला हवी.

पण पुढे काय होतं? तुमच्या गल्लीतला वाणी इथून खोकं नेतो. दुकानात ते फोडतो, बेदाणे बरणीत ओततो आणि खोकं रद्दीत जातं. तुम्ही जाता, "पावशेर द्या" म्हणता, आणि पुडी घेऊन घरी येता. पुडीवर काय लिहिलेलं असतं? काहीच नाही! मग तो बेदाणा शिऱ्यात जातो, श्रीखंडात जातो, शेजारच्या काकूंच्या लाडवावर चिकटतो. खाणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत बेदाण्याचं नाव-गाव-पत्ता सगळं पुसलेलं!

म्हणून घाऊक बाजार हे एका अर्थी शेवटचं स्टेशन आहे. माल आणि त्याची माहिती इथपर्यंत एकत्र प्रवास करतात. इथून पुढे माल जातो आणि माहिती मागे राहते. ती पुढे नेणारं कोणीतरी हवं. कोण? तुम्ही!

काय करायचं? दुकानदार काकांना गोड आवाजात विचारायचं, "काका, या बेदाण्याचं खोकं आहे का? लेबल बघू का जरा?" बरेच दुकानदार आनंदाने दाखवतात. नसेल तर पाकीटबंद घ्यायचा, लेबल वाचून. तेही नसेल तर ज्याला त्रास होतो त्याने तेवढ्यापुरतं सोडून द्यायचं. आणि "धुऊन घेतलं की झालं" असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. धुण्याने सगळं सल्फाईट जात नाही.

नंबरांची भाषा

लेबल वाचायला गेलात की कंसांत आकडे दिसतील. आयएनएस २११, आयएनएस ३३०... गुप्तहेराची भाषाच जणू! पण तिची किल्ली सोपी आहे. १०० ते १९९ बहुतेक रंग. २०० ते २९९ बहुतेक टिकवणारे पदार्थ, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह. ३०० पासून पुढे तेल खवट होऊ न देणारे आणि आंबटपणा सांभाळणारे.

वहीत लिहून घ्या:

२२० ते २२८: सल्फर डायऑक्साईड आणि सल्फाईटचं कुटुंब.
२११: सोडियम बेन्झोएट. सरबतं, सॉस, लोणची यांत असतं.
१०२: टारट्राझिन, पिवळा रंग.
११०: सनसेट यलो, केशरी रंग.

आणि आता हे बघा. १०० नंबर कोणाचा? कर्क्युमिनचा, म्हणजे आपल्या हळदीच्या पिवळ्या रंगाचा! ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल. ५०० म्हणजे खायचा सोडा आणि त्याची भावंडं. तेव्हा नंबर दिसला की "बाप रे, केमिकल!" म्हणून पाकीट फेकू नका. आणि नंबर नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. घरी केलेलं सरबत टिकावं म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाईटची चिमूट घालतात ना? तोच आपला २२४ नंबर! 'घरचं आहे' एवढ्याने भागत नाही. मावशीलाही विचारायचं.

रंगांचं काय?

टारट्राझिनने अगदी थोड्या लोकांच्या अंगावर गांधी उठतात, खाज सुटते. आणि रंगांमुळे मुलं चंचल होतात का? इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टन विद्यापीठाने हे तपासलं. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं घेतली. कधी रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेलं पेय दिलं, कधी तसंच दिसणारं पण त्यांच्याशिवायचं. कोणतं कधी मिळालं ते मुलांना ठाऊक नव्हतं. २००७ साली निष्कर्ष आले. काही मुलांचा चुळबुळेपणा वाढलेला दिसला. परिणाम सरासरीने लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे नेमका कोणत्या रंगाचा ते कळलं नाही. तरीही युरोपात २०१० पासून त्या सहा रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या एकाग्रतेबद्दलची सूचना छापावी लागते.

यातून शिकायचं काय? गणिताच्या पेपरात कमी मार्क पडले तर जिलबीच्या रंगाला दोष देता येणार नाही! पण एखाद्या मुलाला दर वेळी तेच खाऊन तोच त्रास होत असेल, तर त्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येणार नाही.

वहीतला गुप्तहेर

तुम्हाला किंवा तुमच्या भावंडाला असा संशय असेल तर ती वही आता उघडा. चार रकाने आखा. काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, किती वाजता. पाकीट असेल तर त्यावरचे नंबरही लिहा. औषधाचं सिरप घेतलं असेल तर तेही लिहा, कारण सिरपमध्येही रंग आणि प्रिझर्व्हेटिव्ह असतात! धूळ होती का, सर्दी होती का, खूप पळलात का, हेही टिपा. नाहीतर दोष धुळीचा आणि शिक्षा बेदाण्याला! दोन-तीन आठवड्यांनी वही डॉक्टरांना दाखवा.

एक मात्र कधीही करू नका. "खाऊन बघू या काय होतं ते" हा प्रयोग घरी नाही! दमा असेल तर मुळीच नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करतात.

आणि वाढदिवसाला? मधल्या सुट्टीत? सगळे खातायत आणि आपण नाही, तेव्हा वाईट वाटतंच. पण "मला डॉक्टरांनी सगळंच बंद केलंय" असं रडगाणं नको. नेमकं सांगा, "मला याने दम लागतो. वेफर्स आहेत का? लेबल बघून घेतो." नेमकं सांगितलं की लोकांनाही मदत करणं सोपं जातं. आणि मित्रांनो, तुमच्यातला कोणी असं म्हणाला तर "एक खाल्ल्याने काय होतंय!" हे वाक्य गिळून टाका. त्याचा इन्हेलर कुठल्या कप्प्यात आहे ते मात्र लक्षात ठेवा. दम लागलाच तर त्याला बसतं करा, इन्हेलर द्या आणि धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलवा.

चार ओळी आई-बाबांसाठी

मुलाला त्रास होतो म्हणून घाईघाईने दूध, गहू, फळं, सगळंच बंद करू नका. वाढत्या वयात त्याने कुपोषण व्हायचं. बहुतेक अ‍ॅडिटिव्हजसाठी खात्रीची रक्ततपासणी नाही. नोंदी, संशयित पदार्थ काही काळ थांबवणं आणि डॉक्टरांसमोर पुन्हा देऊन बघणं हाच मार्ग आहे. निदान झालं की शाळेत लेखी कळवा. दम्याचं रोजचं औषध मात्र थांबवू नका. आणि मूल "मला हे खाऊन कसंतरी होतं" म्हणालं, तर आधी ऐकून घ्या. खरं की खोटं ते नंतर शोधता येतं.

पिशवीत काय आलं?

चला, संध्याकाळ झाली. टेम्पो भरून निघालेत, आपणही वाशी स्टेशनकडे निघू. पिशवीत काय काय आहे? लेबल वाचून घेतलेलं बेदाण्याचं पाकीट, थोडे तपकिरी जर्दाळू, गडद गुळाचा खडा. फारसं चकचकीत काही नाही. पण प्रत्येकाबद्दल आपल्याला काहीतरी ठाऊक आहे.

उद्या एक काम करा. घरातल्या फडताळात बरण्या असतीलच. आईला सांगून एक बरणी निवडा. पुढच्या वेळी तो जिन्नस आणाल तेव्हा पाकिटावरचं लेबल कापा आणि त्या बरणीवर चिकटवा. इतकं सोपं! मग तुमच्या घरी तो एक मित्र आला आणि त्याने विचारलं, "काकू, यात काय आहे?" तर तुमच्या आईला अंदाजाने सांगावं लागणार नाही. ती बरणी त्याच्या पुढ्यात ठेवेल.

आणि तो निर्धास्त होऊन खाईल. किंवा निर्धास्त होऊन "नको" म्हणेल.